रोख पैसा जाईल काय, आणि जावा काय?



गेल्या सुगीच्या उपासनेनंतर एका खेडेगांवच्या मंडळींतील तरुण उपदेशक मजकडे आले व त्यांनीं मला एक प्रश्न विचारिला. ते म्हणाले, "पाळकसाहेब, आतां बाजारांत भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत प्रत्येकाच्या दुकानीं तो क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन लागला आहे. लोक म्हणतात कीं, थोड्याच वर्षांत नोटा व नाणीं बंद होऊन सर्व पैसा फोनवरच राहील. हें खरें काय? आणि खरें असेल, तर आपण मंडळींतील दानाची थैली आजच कां बंद करूं नये? हिशेब सोपा होईल, आणि नाणीं मोजीत बसण्याचा त्रासही वांचेल."

मीं त्यांस तत्काळ उत्तर दिलें नाहीं. ह्याचें एक कारण असें कीं, ह्या प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले म्हणजे उत्तर चुकतें. रोख पैसा जाईल काय, हा एक भाग. त्याचें उत्तर इतिहास व आंकडे पाहून द्यावयाचें आहे. रोख पैसा जावा काय, आणि तो घालविण्यास आपण हातभार लावावा काय, हा दुसरा भाग. त्याचें उत्तर सदसद्विवेकबुद्धीस विचारून द्यावयाचें आहे. उत्तर न देण्याचें दुसरेंही एक कारण होतें. तें माझ्या स्वतःच्या चुकीचें असल्यामुळें पुढें योग्य स्थळीं सांगेन.

प्रथम एक भीति दूर केली पाहिजे. कित्येक वृद्ध बंधुभगिनींस असें वाटतें कीं, जो पैसा हातांत धरतां येत नाहीं तो पैसाच नव्हे, आणि त्याच्या पाठीमागें कांहींतरी कपट असावें. परंतु पैशाचें रूप ह्यापूर्वीं अनेक वेळां पालटलें आहे. शिवछत्रपतींच्या काळापासून चालत आलेली तांब्याची शिवराई पुष्कळ पिढ्यांच्या हातांतून गेली व शेवटीं नाहींशी झाली. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलुखासाठीं एकाच वजनाचा चांदीचा रुपया ठरविला. १८६१ सालीं कागदी चलनाचा कायदा होऊन सरकारी नोटा निघाल्या, आणि चांदीच्या जागीं कागद घेण्याची संवय लोकांस सावकाशच लागली. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणींत काम करणारा कोंकणांतील मनुष्य तेथील टपालकचेरींत रुपये भरी, आणि गांवीं त्याच्या आईच्या हातीं टपालवाला रुपये देई. परंतु तेच रुपये कांहीं बोटींतून गांवीं जात नसत. प्रवास करी तो केवळ कागदावर लिहिलेला शब्द. पुढें १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, १ एप्रिल १९५७ पासून व्यवहारांत दशमान नाणीं आलीं, आणि २०११ सालीं चार आण्याचें नाणेंही चलनांतून गेलें.

ह्या सर्वांवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. पैशाचें मोल धातूंत किंवा कागदांत नसतें. तें दिलेल्या शब्दांत असतें. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते व तितके रुपये देण्याचें वचन छापलेलें असतें, आणि तें वचन सर्वजण मानितात म्हणून त्या कागदास आपण दाणे देतों, कापड देतों, दिवसभराचे श्रम देतों. तेव्हां तो शब्द कागदाऐवजीं तारेनें अथवा वाऱ्यानें गेला, एवढ्यावरून तो पापरूप ठरत नाहीं.

फोनवरचा व्यवहार चालतो कसा, हेंही थोडक्यांत समजून घेऊं. फोनमध्यें पैसा नसतो. पैसा बँकेच्या वहींत असतो, आणि फोन त्या बँकेस इतकाच हुकूम पाठवितो कीं, माझ्या खात्यांतून इतके रुपये काढून अमक्याच्या खात्यांत जमा करा. भिन्न भिन्न बँकांच्या वह्या एकमेकींस जोडणारी जी व्यवस्था २०१६ सालच्या एप्रिलांत आपल्या देशांत सुरू झाली, तिला यूपीआय म्हणतात. २०२३ सालच्या ऑगस्टांत ह्या व्यवस्थेवरून एका महिन्यांत झालेले व्यवहार प्रथमच १००० कोटींच्या वर गेले, आणि २०२४ ह्या एका सालीं ते सुमारें १७,२०० कोटी झाले. १ जानेवारी २०२० पासून ह्या व्यवहाराबद्दल दुकानदारास बँकेचें शुल्क द्यावें लागत नाहीं. जगांत दुसऱ्या कोणत्याही देशांत इतक्या लहान दुकानांत ही सोय इतक्या वेगानें पोंचलेली क्वचितच दिसेल.

ह्या सोयीचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. बीडकडील ऊसतोडीचा मजूर कोल्हापुराकडे फडावर असतां त्याच्या मुलाच्या शाळेची फी त्याच दिवशीं गांवीं पोंचते. पूर्वीं कनवटीस बांधलेली मजुरी वाटेंत चोरीस जाई, किंवा गुत्त्याच्या दारांतून पुढें सरकतच नसे. सरकारी मदत मधल्या हातांतून न जातां थेट खात्यांत जमा होते, तेव्हां मधल्याची दलाली बुडते. सुटे नाहींत म्हणून दोन रुपयांऐवजीं हातीं पडणारी गोळीही आतां पुष्कळ ठिकाणीं टळली आहे. हें सर्व चांगलें आहे, आणि जें चांगलें आहे त्यास चांगलें म्हणावें.

आतां प्रश्नाचा पहिला भाग. रोख पैसा जात आहे काय? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांनीं जाहीर केलें कीं, ५०० व १००० रुपयांच्या चालू नोटा मध्यरात्रीपासून कायदेशीर चलन राहणार नाहींत. देशांतील चलनाच्या एकंदर किंमतीपैकीं सुमारें ८६ टक्के त्या नोटांत होतें. त्यानंतरच्या आठवड्यांतील रांगा आपण कोणीही विसरलों नाहीं. त्याच सालीं १ डिसेंबर रोजीं ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव राज्यांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून घोषित झालें. दुकानांत कार्ड ओढण्याचीं यंत्रें बसलीं. परंतु नोटा पुन्हां मिळूं लागल्यावर तेथील लोकही पुष्कळ अंशीं रोखीकडे वळल्याच्या बातम्या पुढें वृत्तपत्रांत आल्या. सबंध देशाचा आंकडा पाहिला तर तो अधिकच विचार करावयास लावणारा आहे. नोटबंदीच्या आधीं लोकांत व बँकांत मिळून सुमारें १८ लक्ष कोटी रुपयांचें चलन होतें. २०२४ सालच्या मार्चअखेर तें सुमारें ३५ लक्ष कोटींवर गेलें. म्हणजे ज्या काळांत फोनवरचा व्यवहार शून्यापासून इतका वाढला, त्याच काळांत रोख चलनही जवळजवळ दुप्पट झालें. लोक भाजी फोनवर घेतात; परंतु अडीअडचणीसाठीं ठेवावयाचा पैसा अजूनही डब्यांत व पेटींत ठेवितात.

ज्या देशांत रोखीचा व्यवहार अतिशय कमी झाला आहे अशा एका देशाकडेही पाहूं. यूरोपांतील पहिली कागदी नोट १६६१ सालीं स्वीडन देशांत निघाली, आणि त्याच स्वीडनमध्यें आज पुष्कळ दुकानांवर रोख घेत नाहीं अशी पाटी दिसते. इतक्या पुढें गेलेल्या त्या देशाच्या सरकारनें २०२४ सालच्या नोव्हेंबरांत युद्ध किंवा संकट आल्यास काय करावें ह्याची पुस्तिका घरोघर पाठविली, आणि तींत घरीं निदान आठवडाभर पुरेल इतकी रोख रक्कम लहानमोठ्या नोटांत ठेवावी असा सल्ला दिला. त्याचें कारण पुढील वर्षींच दिसून आलें. २८ एप्रिल २०२५ रोजीं स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन देशांत वीज गेली. कार्ड चालेनात, पैसे देणारीं यंत्रें बंद पडलीं, आणि ज्याच्या खिशांत नोट होती त्यास पाव व पाणी मिळालें. आपल्याकडेही त्याच महिन्याच्या १२ तारखेस यूपीआय कांहीं तास अडखळलें, आणि शहरांतील मोठमोठे पगारदार चहावाल्यापुढें संकोचून उभे राहिले. ज्या गांवीं पावसाळ्यांत चार चार दिवस वीज नसते व रेंजसाठीं टेकडीवर चढावें लागतें, त्या गांवच्या लोकांस हें कोणी शिकवावयास नको.

तेव्हां पहिल्या भागाचें माझें उत्तर असें आहे कीं, रोख पैसा कमी होत जाईल, परंतु लवकर नाहींसा होईल असें म्हणण्यास आधार नाहीं. आणि तो जाणें किंवा राहणें ही कांहीं पावसासारखी आकाशांतून येणारी गोष्ट नव्हे. तें कायदे करणाऱ्यांच्या हातीं आहे, आणि थोडें थोडें आपल्या प्रत्येकाच्या हातीं आहे. म्हणूनच दुसरा भाग महत्त्वाचा होतो: तो जावा काय?

ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं आपण आपल्याच पूर्वजांची स्थिति आठवूं. खेड्यांत पूर्वीं बलुत्याची रीत होती. वर्षभर काम करावें आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन धान्य मागावें. त्या रीतींत काय मिळावें हें घेणाराच्या श्रमांवर ठरत नसे. तो कोण आहे, कोणत्या जातीचा आहे, पाटलाची त्याच्यावर मर्जी आहे कीं नाहीं, ह्यावर ठरे. जो सर्वांच्या शेवटीं उभा त्याच्या घोंगडींत उरलेंसुरलें पडे, आणि एखाद्या वर्षीं तेंही पडत नसे. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनाविषयीं विधेयक मांडलें, त्यांतील एक मुख्य हेतु असा होता कीं, बलुत्याऐवजीं कामाचा मोबदला पैशांत मिळण्याची सोय व्हावी. हा हेतु कां असावा? कारण पैशांत मिळालेली मजुरी मोजतां येते, बाजारांत नेतां येते, आणि ती देतांना बाजारांतील वाणी नाणें पाहतो, तो घेणाराची जात नाण्यावर वाचूं शकत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबांस रोख मजुरीचा पहिला रुपया हातीं आला तेव्हां त्यांस जें सुख झालें, तें केवळ रुपयाचें नव्हतें. कोणाची परवानगी न घेतां खर्च करितां येईल अशी ती त्यांची पहिली मालमत्ता होती.

हाच रोख पैशाचा खरा गुण आहे. तो घेणाऱ्यास नांव विचारीत नाहीं. देणारा व घेणारा ह्या दोघांशिवाय तिसऱ्या कोणाची त्यास गरज लागत नाहीं. फोनवरच्या पैशास मात्र बँक लागते, खातें लागतें, आधार लागतो, फोन लागतो, वीज लागते, ॲप चालविणारी कंपनी लागते. आणि ह्यांपैकीं एकानें जरी नाहीं म्हटलें तरी माणसाजवळ पैसा असून नसल्यासारखा होतो. आयुष्यभर विळा व खुरपें धरून ज्या स्त्रियांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र ओळखीत नाहीं, आणि स्वतःच्याच खात्यांतील शंभर रुपयांसाठीं त्यांस बँकमित्राच्या दारीं दोन दोन खेपा घालाव्या लागतात, हें आपण पाहतों.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, "नांव न विचारणारा पैसा लांच खाणाऱ्यास व कर चुकविणाऱ्यासच आवडतो. सज्जनास लपविण्यासारखें काय असतें?" ह्यांत तथ्य आहे. लांच चेकनें घेतल्याचें कोणीं ऐकलें आहे काय? तरीही दोन गोष्टी विचारांत घ्याव्या. पहिली अशी कीं, २०१६ सालीं रद्द झालेल्या नोटांपैकीं ९९.३ टक्के किंमतीच्या नोटा बँकांत परत आल्या, असें रिझर्व्ह बँकेनेंच २०१८ सालच्या अहवालांत सांगितलें. ज्याचें धन मोठें, त्यानें तें नोटांच्या थप्प्यांत क्वचितच ठेविलेलें असतें. तें जमिनींत, सोन्यांत व दुसऱ्याच्या नांवांत गेलेलें असतें. दुसरी गोष्ट अशी कीं, लपविणें सर्वदा पापाचेंच असतें असें नाहीं. आपल्या वस्तींतील किती तरी बायका ज्वारीच्या कणगींत किंवा डाळीच्या डब्यांत चार पैसे ठेवितात, आणि ते दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या दृष्टीस पडूं देत नाहींत. त्याच पैशांतून मुलीची वही येते व आजारांत औषध येतें. नोटबंदीच्या त्या आठवड्यांत अशा कित्येक जणींस आपली पुंजी घरांत उघड करावी लागली, आणि कांहीं घरीं ती त्यानंतर राहिली नाहीं. ज्या फोनवर पैसा आहे तो फोन बहुधा नवऱ्याच्या खिशांत असतो, हें विसरूं नये. सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. तो हक्क केवळ शहरांतील शिकलेल्यांचा नव्हे, कणगींत चार पैसे ठेवणाऱ्या बाईचाही आहे.

पैशाचें रूप वरून पालटलें असतां तोटा कोणाच्या पदरीं पडतो, ह्याचा एक जुना धडा आपल्याच देशांत आहे. ओरिसा प्रांतांत शेंकडों वर्षें लहानसहान व्यवहार कवड्यांनीं होत असत, आणि सारासुद्धां कवड्यांत भरला जाई. १८०३ सालीं तो प्रांत कंपनी सरकारच्या हातीं गेल्यावर सरकारनें सारा चांदीच्या रुपयांत मागितला. सरकारच्या दृष्टीनें ही सुधारणाच होती; रुपया मोजण्यास सोपा, कवड्यांच्या गोण्या वाहण्यास कठीण. परंतु रयतेजवळ रुपया नव्हता. तिला कवड्या विकून रुपया घ्यावा लागे. त्यामुळें कवडीचा भाव पडत गेला, आणि तोच सारा भरण्यास पूर्वींहून पुष्कळ अधिक कवड्या लागूं लागल्या. जमिनी गेल्या, लोक रानांत गेले, आणि १८१७ सालीं बक्षी जगबंधु ह्यांच्या पुढारीपणाखालीं पाइकांचें जें बंड झालें, त्याच्या कारणांत हेंही एक कारण होतें. रुपया वाईट नव्हता. वाईट हें होतें कीं, ज्याच्याजवळ केवळ कवडी होती त्याची कवडी घेण्याचें एका दिवशीं बंद झालें, आणि त्याचें पुढें काय होईल हें कोणीं विचारिलें नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. गेल्या वर्षीं आमच्या मंडळीच्या पंचांत तो चौकोन दानाच्या मेजावर ठेवण्याचा विचार निघाला, तेव्हां त्यास सर्वांत अधिक उत्साहानें मींच पाठिंबा दिला. शहरांत नोकरीस असलेलीं आमचीं मुलें तेथून दान पाठवूं शकतील, हा विचार चांगलाच होता, आणि तसें दान आलेंही. परंतु मीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. नाणीं मोजण्यास खजिनदारास वेळ लागतो म्हणून चार रविवार थैली फिरविलीच नाहीं. ज्यास रोख द्यावयाचें असेल त्यानें उपासनेनंतर खजिनदाराजवळ द्यावें, असें सांगितलें. आमच्या मंडळींत एक वृद्ध विधवा आहेत. त्या दुसऱ्यांच्या शेतांत खुरपणीस जातात, आणि दर रविवारीं पदराच्या गांठींत दहाचें एक नाणें बांधून आणीत असत. पांचव्या रविवारीं त्या उपासनेस दिसल्या नाहींत. आजारी असतील असें समजून मी त्यांच्या घरीं गेलों. त्या म्हणाल्या, "न्हाय साहेब, दुखत-बिखत काय न्हाय. पण रिकाम्या हातानं बसायची लाज वाटती. वाण्यानं तर दहाचं नाणं कवाच बंद केलं हुतं. म्हटलं, आता देवाच्या घरातबी ते चालत न्हाय."

वाचकहो, मजजवळ ह्यावर उत्तर नव्हतें. मीं क्षमा मागितली, आणि पुढील रविवारीं थैली पुन्हां फिरली. त्या तरुण उपदेशकास मीं तत्काळ उत्तर दिलें नाहीं, त्याचें दुसरें कारण हें होय.

त्या दिवसापासून येरुशलेमांतील मंदिराचे दोन प्रसंग मला नवीन रीतीनें समजूं लागले. मंदिराचा वार्षिक कर सोरच्या चांदीच्या नाण्यांतच भरावा लागे. म्हणून दूरदूरच्या यात्रेकरूंस आपलें नाणें सराफाच्या चौरंगावर बदलून घ्यावें लागे, आणि त्या बदलांत सराफ आपला बट्टा कापून घेई. ते चौरंग प्रभूनें उलथून टाकिले. आणि त्याच मंदिराच्या भांडारासमोर बसून विधवेनें टाकिलेल्या दोन अगदीं हलक्या नाण्यांस त्यानें सर्वांहून मोठें दान म्हटलें. भांडारानें तीं दोन नाणीं परत केलीं असतीं, तर ती विधवा जगास कशी कळली असती? आपल्या सुगीच्या उपासनेंतही वडिलांनीं घालून दिलेली रीत हीच आहे. कोणी पायली ज्वारी आणितो, कोणी कोंबडी, कोणी एक भोपळा, आणि वेदीपुढें सर्व सारखेंच ठेविलें जातें. ज्याच्या हातीं जें आहे तें घेणें, ही आपली जुनी चाल आहे. शिवाय फोनवरच्या दानाबरोबर देणाऱ्याचें नांव व रक्कम खजिनदाराच्या दृष्टीस पडते. थैलींत मात्र श्रीमंताचा हात व गरिबाचा हात सारखाच आंत जातो. गुप्तपणें देण्याची आज्ञा पाळण्यास हें साधन अजून तरी सर्वांत सोपें आहे.

म्हणून मंडळीपुरतें माझें उत्तर असें कीं, चौकोनही राहूं द्या आणि थैलीही फिरूं द्या. आणि मंडळीबाहेरील व्यवहाराविषयीं तीन गोष्टी सुचवितों.

पहिली, आपल्यापैकीं जे दुकान चालवितात त्यांनीं हातांत नाणें घेऊन आलेल्या मनुष्यास परत पाठवूं नये. दहा रुपयांचें नाणें खोटें आहे अशी अफवा आपल्या जिल्ह्यांत अजून फिरते. रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालच्या जानेवारींतच स्पष्ट केलें कीं, त्या नाण्याचे १४ प्रकार निघाले असून ते सर्व कायदेशीर आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणें एक रुपयाचीं व त्यावरचीं नाणीं एका वेळीं १००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. अफवेवरून गरिबाच्या श्रमांचें मोल नाकारणें हा केवळ अज्ञानाचा दोष नव्हे. कळल्यावरही तसें केलें तर तो अन्याय आहे.

दुसरी, ज्यांस फोन वापरतां येतो त्यांनीं ज्यांस येत नाहीं त्यांस शिकवावें, परंतु त्यांचा गुप्त आंकडा आपल्याजवळ ठेवूं नये. उपदेशक बंधूंनीं विशेष जपावें. "साहेब, तुम्हीच करून द्या," असें म्हणून म्हातारीं माणसें फोन आपल्या हातीं देतात. तो विश्वास जड आहे. तुमच्या हातून चूक झाली नाहीं तरी संशय येऊं शकेल, आणि तुमचें पाहून ती व्यक्ति तोच आंकडा उद्यां एखाद्या ठकासही सांगेल. पोलीस अथवा बँकेचा अधिकारी म्हणून फोन करून लोकांस लुबाडणारे आज पुष्कळ आहेत. कोणतीही बँक फोनवर तो आंकडा विचारीत नाहीं, हें दर रविवारीं सांगितलें तरी अधिक होणार नाहीं.

तिसरी, जे मोठ्या जागीं बसून पैशाचें पुढचें रूप ठरवितात, त्यांजकडे आपण ग्रामसभेंतून व प्रतिनिधींमार्फत मागणें मागावें. रिझर्व्ह बँकेनें १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठीं ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला आहे. हा रुपया एखाद्या खासगी बँकेच्या वहींतला नसून नोटेप्रमाणें रिझर्व्ह बँकेचाच आहे, आणि तो इंटरनेटवांचूनही चालावा असा तिचा प्रयत्न आहे. जर तो विजेवांचून, मोठ्या फोनवांचून, झिजलेल्या अंगठ्याच्या मनुष्यासही चालविता आला, आणि दहा रुपयांच्या भाजीसाठीं नांव-गांव न विचारितां चालला, तर त्यास नोटेचा खरा वारस म्हणतां येईल. तोंपर्यंत नोट व नाणें काढून घेऊं नये, एवढेंच आपलें मागणें असावें.

तरुण मित्रहो, तुम्ही म्हणाल कीं, पाळकसाहेब जुन्यास धरून बसले. तसें नाहीं. माझा स्वतःचा पगार खात्यांत येतो, आणि ह्या साप्ताहिकाची वर्गणीही मीं फोनवरूनच भरली आहे. पैशाचें रूप पालटण्यास माझी हरकत नाहीं. तें अनेक वेळां पालटलेलें आपण वर पाहिलेंच. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, सोय कोणाची होते हें पाहण्यापूर्वीं वगळला कोण जातो हें पाहावें. रांगेंत पुढें उभा असलेला मनुष्य नव्या वाटेनें चालूं लागला म्हणजे त्याचें कौतुक सर्वच करितात. मंडळीचें काम रांगेच्या शेवटीं उभा असलेल्याकडे पाहण्याचें आहे.

येत्या रविवारीं थैली फिरवितांना, ज्या बंधूकडे ती असेल त्यानें घाई करूं नये. कोणाच्या पदराची गांठ सुटण्यास थोडा वेळ लागतो.